मुलांना सर सांभाळतात, सरांना कोण सांभाळतं?

दरवर्षी २४ सप्टेंबर जवळ आला की माझ्या व्हॉट्सॲपवर कॉलेजांच्या बातम्यांचा पाऊस सुरू होतो. 'राष्ट्रीय सेवा योजना दिन उत्साहात साजरा.' सोबत फोटो. मधोमध प्राचार्य, शेजारी प्रमुख पाहुणे, मागं बॅनर, पुढं मांडी घालून बसलेली पोरं. आणि अगदी टोकाला, अर्धा फोटोबाहेर गेलेला एक माणूस. तो कार्यक्रम अधिकारी. बातमीत त्याचं नाव शेवटून दुसऱ्या ओळीत असतं आणि जागा कमी पडली की आमच्या डेस्कवर पहिली कात्री त्याच ओळीला लागते.

आज त्या कडेच्या माणसाचा इतिहास लिहायचा आहे. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसलात तरी चालेल.

एनएसएस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पोरं येतात. घमेली, फावडी, प्रभातफेरी, गावातल्या शाळेत सतरंज्यांवर झोपणं. पण ही योजना कागदावर यायला जी वीसेक वर्षं लागली, त्यात मुलांविषयी फारसा वाद नव्हताच. मुलं काम करतील हे सगळ्यांनाच मान्य होतं. अडत होतं ते पैशावर आणि त्यांना घेऊन जाणार कोण, या प्रश्नावर.

डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगानं स्वातंत्र्यानंतर लगेच सुचवलं होतं की विद्यार्थ्यांनी स्वेच्छेनं समाजसेवा करावी. मग श्रमदानाची शिबिरं झाली, विद्यापीठांनी आपापल्या परीनं काही उपक्रम केले. १९५८ मध्ये पंडित नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून विचारणा केली की पदवी मिळण्याआधी समाजसेवेची अट घालता येईल का. पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते आपले सी. डी. देशमुख. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडून आलेले, तेच चिंतामणराव. त्या वेळी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते.

देशमुख समितीनं सरळ शिफारस केली की शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकानं नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी. नुसतं डोळ्यासमोर आणा, आपल्या तालुक्यातला बारावीचा प्रत्येक पोरगा वर्षभर गावात काम करतोय! अर्थात ते झालं नाही. खर्च फार, व्यवस्था अवाढव्य. माझ्या मते ती शिफारस बाजूला पडली ते बरंच झालं. सक्तीनं काय होतं ते पुढं एनसीसीत दिसलं. १९६२ च्या चीन युद्धानंतर कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये ती सक्ती काढावी लागली.

मधल्या काळात के. जी. सैयिदैन यांनी निरनिराळ्या देशांतल्या युवक सेवेचा अभ्यास करून सांगितलं की हे स्वेच्छेनं करा. मग आला कोठारी आयोग, १९६४ ते ६६. त्यानंही समाजसेवा शिक्षणाला जोडा म्हटलं. १९६७ मध्ये शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं की विद्यार्थ्याला एनसीसी किंवा तिला पर्याय म्हणून राष्ट्रीय सेवा योजना निवडता यावी. आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला, केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू केली. विद्यार्थी होते ४० हजार. आज देशभरात ही संख्या ४० लाखांच्या आसपास आहे.

आता इथं थोडं थांबू.

योजना आखणाऱ्यांनी नवीन खातं काढलं नाही. पगारी समाजसेवक नेमले नाहीत. त्यांनी कॉलेजातल्याच एका प्राध्यापकाला बोलावलं आणि सांगितलं, तुमचे तास घ्या, पेपर तपासा आणि हेही करा. साधारण शंभर मुलांचं एक युनिट आणि त्यावर एक कार्यक्रम अधिकारी. प्रत्येक मुलानं वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि एक विशेष शिबिर. शिबिर पूर्वी दहा दिवसांचं असायचं, आता सात दिवसांचं. या सगळ्याबद्दल त्या प्राध्यापकाला मिळणार काय, तर महिन्याला किरकोळ भत्ता. तो इतका किरकोळ की आमच्या ओळखीचे एक निवृत्त सर हसत म्हणतात, "अहो, त्यात माझ्या स्कूटरचं पेट्रोलसुद्धा निघायचं नाही."

म्हणजे कागदोपत्री तो शिक्षक, कामानं मात्र स्वयंसेवकच. योजनेची सगळी इमारत या माणसाच्या मर्जीवर उभी केलेली. नियमपुस्तिकेत त्याच्या भूमिका दिल्या आहेत त्या वाचून घाम फुटतो. संघटक, शिक्षक, समन्वयक, पर्यवेक्षक, प्रशासक आणि वर जनसंपर्क सांभाळणारा! वाणिज्य शाखेत लेखाकर्म शिकवणाऱ्या माणसानं हे सगळं एकाच वेळी व्हायचं.

पण सुरुवातीच्या लोकांना एक गोष्ट पक्की कळली होती. या माणसाला वाऱ्यावर सोडून चालणार नाही. म्हणून योजनेबरोबरच प्रशिक्षणाची केंद्रं उभी राहिली. समाजकार्य शिकवणाऱ्या संस्थांकडे ते काम दिलं गेलं. आपल्याकडे मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था होती आणि अहमदनगर महाविद्यालयात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, असं केंद्र होतं. राज्यभरातले मराठीचे, भूगोलाचे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक बॅगा घेऊन तिथं जायचे आणि काही दिवस विद्यार्थी व्हायचे. गावाची पाहणी कशी करायची, सरपंचाशी आणि सरपंचाच्या विरोधकाशीही कसं बोलायचं, शिबिराचा हिशेब कसा ठेवायचा, मुलांमधलं भांडण कसं सोडवायचं, असलं शिक्षण.

या निवृत्त सरांनी आमच्या भागात बरीच वर्षं कार्यक्रम अधिकारी म्हणून आणि नंतर जिल्हा समन्वयक म्हणून काम केलं. जिल्हा समन्वयक हा आणखी गमतीचा प्राणी. तोही कुठल्यातरी कॉलेजात शिकवणारा, पण जिल्ह्यातल्या सगळ्या कार्यक्रम अधिकाऱ्यांवर देखरेख त्याची. अधिकार जवळजवळ शून्य. कुणाची बदली करू शकत नाही, कुणाचा पगार थांबवू शकत नाही. समोरचा माणूस वयानं मोठा, कधी पदानंही मोठा. त्याला काम करायला लावायचं कसं?

सरांना मी हेच विचारलं. ते म्हणाले, "हे बघा, प्राध्यापकाला सूचना दिली की तो आधी तुमची पात्रता तपासतो. म्हणून मी सूचना द्यायचोच नाही. शिबिराला भेट द्यायला गेलो की तीन प्रश्न विचारायचो. विहीर कुठंय? रात्री मुलींच्या खोलीच्या बाहेर कोण झोपतं? आणि जवळचा डॉक्टर किती लांब आहे? बाकी भाषणं मी ऐकायचो नाही."

विहीर कुठंय, हा प्रश्न मला फार आवडला. शहरातली, तालुक्याच्या गावातली पोरं खेड्यात येतात. विहीर, तळं, कॅनॉल दिसला की उडी मारायची हौस. सात दिवस चांगलं काम झालं आणि एका दुपारी एक अपघात झाला, तर त्या कॉलेजात पुढची दहा वर्षं शिबिर होत नाही. सर पहिल्या दिवशीच कार्यक्रम अधिकाऱ्याला घेऊन गावाला फेरी मारायचे आणि पाण्याच्या जागा वहीत लिहायला लावायचे. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या प्रत्येक प्राध्यापकाच्या शिबिर-वहीत पहिल्या पानावर अजूनही पाण्याच्या जागांची यादी असते.

पुन्हा थोडं मागं जाऊ, कारण या योजनेची महाराष्ट्रातली खरी परीक्षा लगेचच झाली. १९७२ चा दुष्काळ. मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडणाऱ्या बायका, हे सगळं आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी पाहिलेलं आहे. १९७३ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेनं देशभर विशेष शिबिरांचा विषयच ठेवला, दुष्काळाविरुद्ध युवक. त्यानंतर अस्वच्छता आणि रोगराईविरुद्ध युवक, मग वृक्षारोपण, मग ग्रामीण पुनर्रचना, असे एकेक विषय आले. योजना जेमतेम चार वर्षांची. कार्यक्रम अधिकारी सगळे नवखे. आणि त्यांना उभं केलं थेट दुष्काळी गावात.

त्या वेळी तरुण असलेल्या एका प्राध्यापकांशी मी काही वर्षांपूर्वी बोललो होतो. आता ते नाहीत. त्यांनी सांगितलेली अडचण माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. गावातली माणसं मजुरीसाठी खडी फोडतायत, त्या मजुरीवर त्यांचं घर चालतंय, आणि शेजारी कॉलेजची पोरं फुकट माती उपसतायत. गावकऱ्यांनी विचारलं, तुम्ही फुकट काम केलं तर आमचं काम कमी होणार नाही का? प्राध्यापकांकडे उत्तर नव्हतं. शेवटी त्यांनी मुलांना मजुरीच्या कामावरून हलवलं आणि हजेरीपटावर मजुरांची नावं, दिवस नीट लागतायत का हे पाहायच्या, वाचून दाखवायच्या कामाला लावलं. अंगठेबहाद्दर माणसांना आपली हजेरी वाचून दाखवणारं कुणीतरी मिळालं. मुकादमाला ते अजिबात आवडलं नाही, हे सांगायला नको.

समाजसेवा म्हणजे फावडं, हे समीकरण तिथं मोडलं आणि ते मोडायला त्या प्राध्यापकाला कुणीतरी मोकळीक दिली होती. वरच्या समन्वयकानं 'घनमीटर किती खोदले?' एवढंच विचारलं असतं तर त्यानं मुलांना गुपचूप खड्ड्यात उतरवलं असतं. आज किती झाडं लावली, किती सेल्फी अपलोड केले, हे विचारणारे परिपत्रक वाचतो तेव्हा मला तो हजेरीपट आठवतो.

किल्लारीच्या भूकंपाबद्दल मी जास्त लिहीत नाही, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. गणपती विसर्जनाची रात्र, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. मदतीला माणसं धावली तशी बघ्यांचीही गर्दी उसळली. सर सांगतात की त्या आठवड्यात त्यांचं मुख्य काम मुलांना पाठवणं हे नव्हतं, मुलांना थांबवणं हे होतं. काय काम आहे, कुणाच्या हाताखाली आहे, जेवण कुठं आहे, हे कळल्याशिवाय एकही गाडी सोडायची नाही, असं त्यांनी सगळ्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना बजावलं. काही प्राध्यापक चिडले. त्यांना घाई होती, मनापासून होती. पण उपाशी, रडवेली पन्नास पोरं ढिगाऱ्याजवळ उभी करून कुणाचं भलं होणार होतं?

आता जरा वेगळी गोष्ट. १९९१ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेतून 'युनिव्हर्सिटीज टॉक एड्स' नावाचा कार्यक्रम आला. एचआयव्ही या शब्दानं तेव्हा घरात, वर्गात, वर्तमानपत्रात सगळीकडे अवघडलेपण यायचं. आणि हे मुलांशी बोलायचं कुणी? कार्यक्रम अधिकाऱ्यानं. म्हणजे ज्या मॅडम वर्गात संत साहित्य शिकवतात त्यांनीच दुपारी निरोधबद्दल बोलायचं.

आमच्या गावातल्या एक निवृत्त मॅडम यातून गेल्या आहेत. त्या म्हणाल्या, "पहिल्या प्रशिक्षणात आम्ही बायका शेवटच्या रांगेत बसलो होतो. खाली मान घालून. शिकवायला आलेल्या डॉक्टर बाई होत्या, त्यांनी आम्हाला ते शब्द मोठ्यानं उच्चारायला लावले. एकदा, दोनदा, पाचदा. तिसऱ्यांदा सगळ्या हसायला लागल्या. पाचव्यांदा कुणी हसलं नाही." कॉलेजात परतल्यावर मॅडमनी मुलांकडून नाव न लिहिता चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवले. डबा भरून चिठ्ठ्या आल्या. "त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मलाही माहीत नव्हती. मग त्या डॉक्टर बाईंना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, चार पानी."

ते चार पानी उत्तर म्हणजे मार्गदर्शन. शिबिरात नारळ फोडून 'युवाशक्ती' वर तासभर बोलणं, हे मी मार्गदर्शन मानत नाही. (त्या भाषणांच्या बातम्या मीच लिहिल्या आहेत, त्यामुळे त्यात काय असतं हे मला चांगलं ठाऊक आहे.)

याच मॅडमनी आणखी एक बाजू सांगितली, ती लिहायलाच हवी. मुली शिबिराला यायच्या असतील तर महिला प्राध्यापक सोबत हवी. ती नसेल तर पालक पाठवत नाहीत आणि तो त्यांचा हक्कच आहे. पण त्या महिला प्राध्यापकाचं घर? तेव्हा दहा दिवसांचं शिबिर, घरात सासू-सासरे, चार वर्षांची मुलगी. मॅडम मुलीलाच शिबिराला घेऊन जायच्या. गावातल्या मंदिरात झोपलेल्या चाळीस मुलींच्या मधोमध ती पोर. जिल्हा समन्वयकांनी भेटीत ते पाहिलं आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठरवून टाकलं की महिला कार्यक्रम अधिकाऱ्याचं लहान मूल शिबिरात येऊ शकतं, कुणी त्यावर बोलायचं नाही. कुठल्याही नियमपुस्तिकेत हे नव्हतं. पण त्यानंतर जिल्ह्यात दोन-तीन मॅडम पुढं आल्या.

आता आजचं बोलू. इतिहास लिहिताना इथं थांबता आलं असतं, पण मग ही पोस्ट लिहायचं कारणच उरत नाही.

नियमानं कार्यक्रम अधिकाऱ्याची नेमणूक तीन वर्षांसाठी असते, फार तर एक वर्ष वाढतं. नियम चांगला आहे, एकाच माणसाची जहागीर होऊ नये. पण त्याचा अर्थ असा की दर तीन-चार वर्षांनी नवा माणूस शून्यापासून सुरू करतो. जुन्याची वही नव्याकडे जातेच असं नाही. गावाशी जमलेलं नातं, कुठला ठेकेदार सिमेंटची रिकामी पोती वनराई बंधाऱ्यासाठी देतो, शोषखड्ड्याला विटांचे तुकडे कुठून मिळतात, हे सगळं त्या माणसाबरोबर निघून जातं. ही गळती भरून काढायची जागा म्हणजे प्रशिक्षण आणि समन्वयकाची भेट. दोन्ही पातळ होत चालल्या आहेत. मी ज्या नव्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी बोललो, त्यातल्या काहींनी सांगितलं की नेमणुकीनंतर पहिलं शिबिर त्यांनी कसलंही प्रशिक्षण न घेता काढलं. एकानं यूट्यूबवर पाहून वेळापत्रक बनवलं.

त्यात भर म्हणजे प्राध्यापक भरतीची रखडपट्टी. कायम प्राध्यापक कमी, त्यामुळे तासिका तत्त्वावरच्या मुला-मुलींच्या गळ्यात हे काम पडतं. ज्यांना पुढच्या जूनमध्ये आपण या कॉलेजात असू की नाही हे माहीत नाही, त्यांच्यावर पन्नास पोरांची सात दिवसांची जबाबदारी. हे लोक वाईट काम करतात असं अजिबात नाही. माझ्या पाहण्यात त्यातलेच काही सगळ्यात जीव तोडून करतात. पण काही बरं-वाईट झालं तर त्यांच्या मागं उभं कोण राहणार?

दुसऱ्या टोकाला असे काही कायम प्राध्यापक आहेत, ज्यांना पदोन्नतीच्या फाइलला एक प्रमाणपत्र हवं असतं. शिबिर गावात, सर रोज संध्याकाळी गाडीनं घरी. अशांना कोण विचारणार? जिल्हा समन्वयक विचारू शकतो, पण तोही आता ऑनलाइन माहिती भरण्यात आणि परिपत्रकांना उत्तरं देण्यात बुडालेला असतो. पैशाची कथा तर निराळीच. २०१६ पासून योजनेचा खर्च पूर्ण केंद्राकडे आहे, त्याआधी केंद्र आणि राज्य मिळून करायचे. अनेक वर्षं नियमित कामासाठी दर विद्यार्थ्यामागं वर्षाला २५० रुपये आणि शिबिरासाठी ४५० रुपये असा हिशेब होता. सात दिवस, दोन वेळचं जेवण, चहा, नाश्ता, प्रवास. करा भागाकार. दर वाढले तरी पैसा वेळेवर येईलच असं नाही, मग किराणा दुकानदाराकडे उधारी सरांच्या नावावर. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडकतो, आणि ते कसं भरायचं हे शिकवणारं कुणी नसतं. प्रामाणिक माणसं या कागदालाच घाबरून पळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रोटरॅक्टसारख्या क्लबांतही हाच पेच आहे, तिथं पालक क्लबचा एक सदस्य मुलांच्या डोक्यावर असतो. काही ठिकाणी तो मुलांचा मित्र असतो, काही ठिकाणी फक्त पदग्रहणाला हार घ्यायला येतो. पण तिथं चंदा तरी असतो. एनएसएसच्या सरांकडे फक्त मुलं असतात.

आमच्या सरांची एक जुनी पद्धत होती, ती आजही विनाखर्च करता येईल. नव्या कार्यक्रम अधिकाऱ्याला ते पहिल्या वर्षी दुसऱ्या कॉलेजच्या शिबिरात दोन रात्री राहायला पाठवायचे. दिवसा नाही, रात्री. दिवसा श्रमदान आणि बौद्धिक असतं, ते सगळ्यांना जमतं. रात्री अकरानंतर कोण रडतंय, कुणाला ताप आहे, गावातली दोन टवाळ पोरं शाळेभोवती का फिरतायत, स्वयंपाकाच्या आचाऱ्यानं किती घेतली आहे, हे कळतं. आणि कार्यक्रम अधिकारी झोपतो कधी, हेही. त्या दोन रात्रींनंतर काही जण येऊन सरळ सांगायचे, "सर, मला हे जमणार नाही." सर त्यांना चहा पाजून मोकळं करायचे. कुणावर राग नाही. "नाही म्हणणारा माणूस वेळेवर नाही म्हणाला तर ते माझं यशच," असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्याकडे अशा भेटींच्या अकरा वह्या होत्या. त्यातल्या सहा कॉलेजच्या एका आवरासावरीत रद्दीत गेल्या. पाच उरल्या आहेत. गेल्या महिन्यात त्या त्यांनी तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या एका तरुण मॅडमकडे दिल्या, ज्यांच्याकडे यंदा पहिल्यांदाच युनिट आलंय. मॅडम रोज एक-दोन पानांचे फोटो काढून ठेवतायत आणि अडलं की सरांना फोन करतायत. परवाचा प्रश्न होता, गावानं शाळा दिली आहे पण स्वच्छतागृह एकच आहे, मुली बावीस, काय करू? सरांनी तासभर फोनवर बोलून आधी गावच बदलायला लावलं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात वडिलांचे, सासूबाईंचे, जुन्या सरांचे शिबिरांचे अहवाल, वह्या, फोटो पडून असतील तर रद्दीवाल्याला देण्याआधी मला मेसेज करा. मी येऊन घेऊन जाईन, फोटो काढून परत आणून देईन. १९७३ ते १९८० मधलं काही असेल तर आधी सांगा. आणि ज्यांनी स्वतः कार्यक्रम अधिकारी म्हणून काम केलंय त्यांनी खाली कमेंटमध्ये एवढंच लिहा, कुठलं गाव, कुठलं साल, आणि पहिल्या शिबिराच्या आधी तुम्हाला कुणी काय सांगितलं होतं.